वाचक विचारतात : जुन्या व्हिडिओ कॅसेटी संगणकावर घेताना

पावसाळा सरला आणि कपाटे आवरायला काढली की व्हिडिओ कॅसेटींबद्दलची पत्रे वाढतात. या वेळी तीच एकत्र घेतली आहेत. वेगळे म्हटले नसेल तिथे उत्तर व्हीएचएस कॅसेटीबद्दल आहे असे समजावे.

प्रश्न : आमच्या मंडळाने जत्रेत केलेल्या नाटकांच्या १८ कॅसेटी आहेत, १९८९ ते २००२ या काळातल्या. व्हीसीआर कधीच बंद पडला. ऑनलाइन पाहिले तर पाचशे रुपयांच्या यूएसबी स्टिकपासून वीस हजारांच्या यंत्रापर्यंत सगळे दिसते. मंडळ दहा हजारांपर्यंत खर्च करू शकते. काय घ्यावे? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : निम्मे पैसे व्हीसीआरवर घाला. स्टिकचा (व्हीसीआरचे चित्र संगणकात घेणाऱ्या यूएसबी जोडणीचा) विचार त्यानंतर करा. व्हीएचएसच्या टेपवर मुळात तपशील कमीच असतो, आडव्या दिशेने साधारण २४० रेषांइतका. कुठलीही धड स्टिक ७२० × ५७६ आकाराचे चित्र घेते, म्हणजे टेपवर आहे त्याहून जास्त जागा तिच्याकडे असते. पण झिजलेल्या हेडने (टेप वाचणाऱ्या टोकाने) किंवा सैल पट्ट्याने जे वाचलेच नाही, ते महागड्या यंत्रालाही परत आणता येत नाही.

नवा व्हीसीआर आता मिळणार नाही. शेवटपर्यंत तो बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. तेव्हा वापरलेलाच घ्यायचा, आणि चालवून पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही. गेली तरी चालेल अशी एक कॅसेट बरोबर न्या. वीस मिनिटे सलग चालवा. पुढे-मागे पूर्ण गुंडाळून पाहा. टोकाला यंत्र आपोआप थांबायला हवे. कॅसेट बाहेर काढल्यावर झडप उघडून टेपची कड बघा. कड दुमडली असेल किंवा टेपचा फास बाहेर लोंबत असेल तर सौदा तिथेच सोडा. मागे पिवळ्या आणि पांढऱ्या पिनची एव्ही आउट हवीच. नुसती अँटेनाची सॉकेट असलेली जुनी यंत्रे घेऊ नका. काही जुन्या यंत्रांत पिवळ्या सॉकेटच्या जागी बीएनसी (फिरवून बसवायची गोल सॉकेट) असते, तिला स्वस्तातला कन्व्हर्टर लागतो, एवढेच. नुसता प्लेयर, म्हणजे व्हीसीपी, मिळाला तरी चालेल. रेकॉर्डिंगशी आपल्याला काम नाही. साध्या एसपी वेगाच्या कॅसेटींना दोन हेड पुरतात. चार हेडचा फायदा मुख्यतः एलपी (अर्ध्या) वेगाला आणि चित्र थांबवून पाहायला होतो. आत टीबीसी (डळमळणाऱ्या रेषा सरळ करणारे सर्किट) असलेली जेव्हीसी आणि पॅनासॉनिकची एस-व्हीएचएस यंत्रे सर्वांत चांगली, पण १८ कॅसेटींसाठी त्यांच्या मागे धावू नका.

व्हीसीआर घरी आणल्यावर आधी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्या मेकॅनिककडून रबरी पट्टे, पिंच रोलर (टेप दाबून ओढणारे रबरी चाक) आणि वाळलेले ग्रीस पाहून घ्या. बऱ्याच बंद यंत्रांचे दुखणे एवढेच असते.

आता स्टिक. खोक्यावरच्या नावाला अर्थ नाही. ‘ईझीकॅप’ या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळी सर्किटे विकली जातात. आतली चिप ओळखायची तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टिकच्या नावावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज असे जा. व्हीआयडी (बनवणाऱ्याचा क्रमांक) ०५ई१ म्हणजे सिन्टेक, ईबी१ए म्हणजे एम्पिया, १बी७१ म्हणजे यूटीव्ही००७, ५३४डी म्हणजे मॅक्रोसिलिकॉन. स्वस्तातल्यांपैकी सिन्टेक एसटीके११६० आणि एम्पिया ईएम२८६० ही कामाची सर्किटे. विंडोज ११ वर ड्रायव्हरचा त्रास झाला तर लिनक्सवर लावून पाहा, त्यांचे ड्रायव्हर तिथे आधीच असतात. थोडे जास्त पैसे घालता येत असतील तर हॉपॉगची यूएसबी-लाइव्ह२, आय-ओ डेटाची जीव्ही-यूएसबी२ किंवा वापरलेली पिनॅकल डॅझल डीव्हीसी१०० शोधा. जीव्ही-यूएसबी२ जपानी बाजारासाठीची असली तरी आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीचे चित्र घेते. एल्गाटोची व्हिडिओ कॅप्चर मात्र नको. किंमत जास्त आणि चित्र ६४० × ४८० वरच अडकलेले.

स्टिक परत करण्याची मुदत संपण्याआधी एक परीक्षा घ्या. भरभर हालचाल असलेला प्रसंग, पात्राचा वेगाने फिरणारा हात किंवा ढोलाची काठी, घेऊन पाहा आणि एक चौकट थांबवा. हलणाऱ्या कडांना फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर स्टिक चांगली आहे. पाल चित्रात सेकंदाला २५ चौकटी असतात आणि प्रत्येकीत दोन अर्ध्या चौकटी, म्हणजे फील्ड; सेकंदाला एकूण ५० फील्ड. दात दिसत नसतील तर स्टिक अर्धी फील्ड टाकून देते आहे; ती परत करा.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. कोणाच्या घरी जुना डीव्हीडी रेकॉर्डर (नुसता प्लेयर नव्हे) पडून असेल तर मागून आणा. व्हीसीआरची एव्ही आउट त्याच्या एव्ही इनमध्ये आणि त्याची एव्ही आउट स्टिकमध्ये लावा. डिस्क घालायची गरज नाही. आरपार जाताना चित्राच्या डळमळणाऱ्या रेषा तो सरळ करतो, वरचा वाकडा भाग जागेवर येतो आणि स्टिकला स्थिर सिग्नल मिळतो. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ या कामासाठी नावाजलेले आहेत. कमी पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

वाटणी साधारण अशी धरा : व्हीसीआर आणि त्याची डागडुजी पाच हजार, स्टिक दीड ते दोन हजार, उरलेले हार्ड डिस्कला.

प्रश्न : स्टिक घेतली, पण तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज हळूहळू ओठांच्या पुढे जातो, चित्र मधूनच उडी मारते आणि कधी कधी रेकॉर्डिंग आपोआप बंद पडते. स्टिक खराब आहे का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : बहुधा नाही. हे तीन वेगळे दोष आहेत.

रेकॉर्डिंग थांबते तेव्हा फाइलचा आकार बघा. ४ जीबीच्या आसपास असेल तर पेन ड्राइव्ह किंवा डिस्क फॅट३२ पद्धतीची आहे. तिच्यावर त्याहून मोठी फाइल बसतच नाही. एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, अर्थात आधी आतले सगळे दुसरीकडे काढून.

आवाज सरकण्याची मुख्य कारणे दोन. पांढरी पिन स्टिकमध्ये न लावता लॅपटॉपच्या माइकच्या भोकात लावली असेल तर चित्राचे घड्याळ एक आणि आवाजाचे दुसरे होते. तासाभरात दोन्ही फाकतात. आवाज स्टिकमधूनच घ्या. दुसरे कारण म्हणजे गळणाऱ्या चौकटी, आणि चित्राच्या उड्याही त्यामुळेच. ७२० × ५७६ चे कच्चे चित्र सेकंदाला सुमारे २१ एमबी, तासाला ७५ जीबी होते. हफवाययूव्ही किंवा यूटी व्हिडिओ या कोडेकने (चित्र लहान करून साठवण्याच्या पद्धतीने) काहीही न गमावता ते ३० ते ३५ जीबीवर येते. एवढा ओघ पेन ड्राइव्हला झेपत नाही. संगणकाच्या आतल्या एसएसडीवर घ्या, मग बाहेरच्या डिस्कवर हलवा. स्टिक हबमध्ये न लावता संगणकाच्या डब्याच्या मागच्या पोर्टमध्ये थेट लावा. अँटिव्हायरसची तपासणी, विंडोज अपडेट आणि स्लीप तेवढ्या वेळापुरते बंद ठेवा.

स्टिकबरोबर आलेल्या सीडीवरचे सॉफ्टवेअर सोडून द्या. ते सहसा थेट एमपीईजी करून चित्र दाबते. मोफत मिळणारे व्हर्च्युअलडब२ घ्या. कॅप्चर मोडमध्ये डिव्हाइस निवडा, व्हिडिओ स्टँडर्ड पाल-बी ठेवा, आकार ७२० × ५७६, रंग वाययूवाय२, कोडेक वरच्यापैकी एक, आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट. चित्र काळेच दिसत असेल तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कॅमेरा आणि मायक्रोफोनची परवानगी द्या. स्टिकला विंडोज कॅमेराच समजते. पहिली दहा मिनिटे खालच्या पट्टीतला गळलेल्या चौकटींचा आकडा पाहत राहा. तो शून्यावर राहिला तर पुढे जा. सतत वाढत असेल तर डिस्क किंवा पोर्ट बदला. झटक्याने पाच-पंचवीसने वाढत असेल तर दोष टेपच्या सिग्नलमध्ये आहे आणि तिथे वर सांगितलेला डीव्हीडी रेकॉर्डर उपयोगी पडतो. दोन कार्यक्रमांच्या मध्ये नुसत्या मुंग्या दिसतात तो भाग घेऊच नका, कारण तिथे स्टिकचा ताल सुटतो. तिथे थांबून दुसरी फाइल सुरू करा.

वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तगतो, व्हीसीआर टेप गुंडाळलेल्या अवस्थेत बंद पडतो आणि टेपला चुणी पडते. व्हीसीआर यूपीएसवर लावा.

प्रश्न : लग्नाच्या कॅसेटीच्या काचेतून टेपवर पांढरे धागे दिसतात. एकदा व्हीसीआरमध्ये घातली तर चित्र दोन मिनिटांत गेले, आणि आता चांगल्या कॅसेटीही दिसत नाहीत. (एक वाचक, काणकोण)

उत्तर : ती बुरशी आहे आणि आता ती हेडवर बसली आहे. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यातून बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात, हे होतेच. अशी कॅसेट पुन्हा कुठल्याही चांगल्या व्हीसीआरमध्ये घालू नका. बीजाणू एका कॅसेटीवरून दुसरीवर जातात, आणि चिकटलेले थर ओढले गेले की टेप फाटते.

आधी व्हीसीआर. प्लग काढा आणि झाकण उघडण्याआधी थोडा वेळ जाऊ द्या. पॉवर सप्लायच्या भागाला हात लावू नका. ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. औषधाच्या दुकानातले ७० टक्क्यांचे नको, त्यात पाणी असते. झेरॉक्सच्या कागदाची पट्टी किंवा शॅमॉय चामड्याचा तुकडा त्यात भिजवून गोल ड्रमवर (हेड बसवलेल्या फिरत्या भागावर) सपाट, हलका धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या कडेने सावकाश फिरवा. कागद स्थिर, ड्रम फिरता. वर-खाली कधीही घासू नका. ड्रमवर कापसाची काडी तर मुळीच नको, तिचे धागे हेडच्या बारीक टोकांत अडकतात आणि टोक तुटले की ड्रम गेला. आवाजाचे स्थिर हेड आणि कॅपस्टनचा (टेप ओढणारा) दांडा मात्र काडीने पुसता येतो. पंधरा मिनिटे वाळू द्या.

आता कॅसेट. मास्क आणि हातमोजे घाला, काम बाल्कनीत किंवा अंगणात करा, घरात दम्याचा रुग्ण असेल तर तिथून दूर. कॅसेट सिलिका जेलसह हवाबंद डब्यात दोन आठवडे ठेवा. जेलचा रंग बदलला की नवे घाला. ऊन, हेअर ड्रायर, ओव्हन यांपैकी काहीही नको. उष्णतेने टेप आक्रसते आणि ती पुन्हा पूर्ववत होत नाही. ओली बुरशी चोपडली जाते, सुकलेली भुकटी होऊन सुटते, म्हणून ही घाई न करणे महत्त्वाचे. हे काम डिसेंबर-जानेवारीत करावे, जुलैत नको.

सुकल्यावर कॅसेट उलटी करून खालचे पाच स्क्रू काढा, मग सरळ करून झाकण उचला. टेपचा मार्ग आणि स्प्रिंगची जागा यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रिळांच्या कडा मऊ, कोरड्या ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडा. जुने कव्हर टाकून द्या आणि रिळे दुसऱ्या एखाद्या निकामी पण स्वच्छ कॅसेटीच्या कव्हरात बसवा. मग केवळ याच कामासाठी ठेवलेल्या जुन्या व्हीसीपीत ती एकदा पूर्ण पुढे, एकदा मागे गुंडाळा आणि त्याचे हेड व टेपचा मार्ग पुसा. एवढ्यानंतरही रिळाच्या कडेला पांढरे दिसत असेल तर झाडणे पुन्हा करा. टेपला पाणी, साबण किंवा थिनर लावू नका. टेपचे थर एकमेकांना चिकटलेले असतील तर घरी ओढू नका, ते काम व्यावसायिकाकडे द्या.

प्रश्न : एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर आणि एचडीएमआय कॅप्चर स्टिक घेतली तर १०८० मध्ये चित्र मिळेल ना? दुकानदार तेच सुचवतो. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : आकडा १०८० चा मिळेल, तपशील वाढणार नाही. कन्व्हर्टर चित्र ताणून मोठे करतो, बहुतेक वेळा ४:३ चे १६:९ करतो, आणि माणसे बसकी दिसतात. सेकंदाची ५० फील्ड घाईघाईने जोडून तो ६० चौकटी करतो. स्वस्त एचडीएमआय स्टिक त्यातून ३० घेते आणि वर जेपीईजीने दाबते. नाचाच्या प्रसंगात हालचाल अडखळते, आणि हे नंतर सुधारता येत नाही. थेट एव्ही घेणारी स्टिकच घ्या.

प्रश्न : काकांनी सौदीहून आणलेली कॅसेट काळी-पांढरी दिसते. अमेरिकेहून आलेली तर नुसती सरकते आणि आवाजही जाडा येतो. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : दोन्ही कॅसेटी बहुधा ठीक आहेत, टीव्ही चित्राची पद्धत वेगळी आहे. भारत, अमिरात, ओमान, कुवेत आणि पोर्तुगाल येथे पाल. सौदीत सेकाम होते आणि तिथल्या व्हीएचएस कॅसेटी मेसेकाममध्ये, म्हणजे सेकामच्याच कॅसेटींसाठीच्या प्रकारात, भरल्या जात. पाल यंत्रावर त्यांचा रंग जातो. अमेरिकेत एनटीएससी. तिथे टेप सेकंदाला ३३.३५ मिलिमीटर धावते आणि आपल्याकडे २३.३९, म्हणून आवाज जाडा आणि संथ येतो.

आखातातून परतलेल्यांच्या घरी पूर्वी मल्टिसिस्टिम व्हीसीआर असत. तसा एखादा अजून चालू असेल तर त्याचा सिस्टिम स्विच मेसेकाम किंवा एनटीएससीवर ठेवा. एनटीएससीसाठी ३.५८ हा पर्याय निवडा आणि संगणकावर एनटीएससी-एम, आकार ७२० × ४८०. काही यंत्रे एनटीएससी कॅसेट ‘पाल ६०’ करून देतात. तेव्हा चित्र स्थिर पण बेरंग येते. स्टिकच्या यादीत पाल-६० असेल तर ते निवडा, नसेल तर दुसरा व्हीसीआर शोधावा लागेल. कॅसेटीवरच्या ई-१८० किंवा टी-१२० वरून अंदाज येतो, खात्री नाही. कोरी कॅसेट कुठल्याही पद्धतीत भरता येते.

प्रश्न : हँडीकॅमच्या छोट्या कॅसेटी व्हीएचएसच्या अॅडॉप्टरमध्ये घालून चालतील का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : कॅसेटीवर व्हीएचएस-सी लिहिले असेल तरच. अॅडॉप्टरला एक पेन्सिल सेल लागतो. तो संपला असेल तर टेप अडकू शकते, नवा घाला. व्हिडिओ-८, हाय-८ आणि मिनीडीव्हीसाठी असा अॅडॉप्टर अस्तित्वातच नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका. त्यांना त्यांचाच कॅमेरा लागतो.

मिनीडीव्ही मुळात डिजिटल आहे. ती एव्ही केबलने घेणे म्हणजे हातची गुणवत्ता घालवणे. कॅमेऱ्याच्या डीव्ही सॉकेटला चार पिनांची फायरवायर केबल लावा आणि जुन्या डेस्कटॉपमध्ये टीआय चिपचे पीसीआय-एक्सप्रेस फायरवायर कार्ड बसवा. विनडीव्ही हे मोफत सॉफ्टवेअर टेपवरचा डेटा जसाच्या तसा उतरवते, तासाला १३ जीबी. कॅमेऱ्याची यूएसबी सॉकेट या कामाची नाही. बहुतेक मॉडेलांत ती फोटोंपुरती किंवा हलक्या चित्रापुरती असते. कॅमेरा बॅटरीवर नको, अॅडॉप्टरवर चालवा.

प्रश्न : संगणकावर चित्राच्या तळाला थरथरणारी पट्टी दिसते, टीव्हीवर कधी दिसली नव्हती. (एक वाचक, वास्को)

उत्तर : एक हेड सोडून दुसरे वाचायला लागते ती जागा. प्रत्येक व्हीएचएसवर असते, जुना टीव्ही ती चौकटीमागे लपवायचा. खालच्या आठ-दहा रेषा काळ्या करा. कापून चित्र ताणू नका.

प्रश्न : सगळे उतरवून झाल्यावर कोणती फाइल ठेवायची? आणि कॅसेटी टाकून द्यायच्या का? (एक वाचक, सांखळी)

उत्तर : डिचोलीच्या मंडळासारख्या तीन तासांच्या १८ कॅसेटी धरल्या तर ५४ तास, हफवाययूव्हीत १६०० ते १९०० जीबी. सगळे ठेवायला २ टीबीची डिस्क लागेल. ते परवडत नसेल तर दुसरीकडे कुठेच नसलेली रेकॉर्डिंगे मूळ रूपात ठेवा, म्हणजे मंडळाची नाटके, गेलेल्या माणसांचे आवाज, आता न होणारे प्रयोग. बाकीच्यांची फक्त पाहण्याची प्रत ठेवा. ती बनवताना हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस (अर्ध्या चौकटींच्या पूर्ण चौकटी करणे) बीडब्ल्यूडिफ, बॉब पर्याय, म्हणजे ५० चौकटी तशाच राहतात, एच.२६४, गुणवत्ता आरएफ १८, आकारमान ४:३. वेळ देता येत असेल तर हायब्रिड या सॉफ्टवेअरमधले क्यूटीजीएमसी अधिक स्वच्छ काम करते, मात्र साध्या संगणकावर एका नाटकाला अख्खी रात्र लागू शकते. फाइलच्या नावात वर्ष, गाव, नाटक आणि कॅसेट क्रमांक घाला. दोन डिस्कांवर दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. पेन ड्राइव्ह ही साठवण्याची जागा नव्हे.

कॅसेटी टाकू नका. हेडवरून येणारा कच्चा सिग्नलच थेट संगणकात घेऊन त्यातून चित्र काढण्याची व्हीएचएस-डीकोड ही मोफत पद्धत आज आहे आणि ती सुधारत आहे. आज अंधूक उतरलेली कॅसेट उद्या जास्त चांगली वाचता येईल. मागची प्लास्टिकची जीभ तोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. पूर्ण रिवाइंड करून, पुस्तकासारखी उभी, सिलिका जेलसह झाकणाच्या डब्यात ठेवा. डबा जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर असू द्या. जेल जूनच्या आधी एकदा आणि गणेशचतुर्थीच्या सुमारास एकदा बदला.